दुसरा व्यवसाय : परिचर्येचा की भौतिकोपचाराचा ?

बेळगावच्या रविवार पेठेत ज्वारी, तूर, हरभरा यांचे घाऊक व्यवहार करण्यात आमची चाळीस वर्षे गेली. शिक्षण म्हणावे तर मॅट्रिकपर्यंतचे. अशा माणसाने रुग्णसेवेच्या व्यवसायांवर लेखणी उचलावी, याचे स्मरणिकेच्या वाचकांस नवल वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या घरात दोन प्रसंग असे घडले की, परिचारिका आणि भौतिकोपचारतज्ज्ञ, म्हणजे ज्यांस आपण सारे फिजिओथेरपिस्ट म्हणतो ते, या दोघांच्या कामाचा विचार आम्हांस करावाच लागला. त्यातून जे हाती आले ते आपल्या सभासद कुटुंबांपैकी कोणाच्या तरी उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहो.

पहिला प्रसंग आमच्या आजाराचा. २०१९ साली पेढीवर बसलो असताना आम्हांस अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवे अंग लुळे पडले. रुग्णालयात अकरा दिवस होतो. त्या अकरा रात्रींतील एक गोष्ट आम्ही विसरलो नाही. दर दोन तासांनी एक परिचारिका येई, आम्हांस एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवी, पाठीखालची चादर सारखी करी आणि भिंतीवरील घड्याळ पाहून तक्त्यावर नोंद करी. आम्हांस प्रथम त्याचा राग येई. झोप मोडते म्हणून आम्ही पुटपुटतही असू. पुढे कळले की, न हलणारे शरीर एकाच बाजूवर फार वेळ राहिले म्हणजे तेथील त्वचेचा रक्तपुरवठा दबतो आणि जखमा होतात. त्या जखमा चिघळल्या की मूळ रोगाहून भारी पडतात. त्या बाईंचे नावही आम्हांस नीट कळले नाही. पण आमची पाठ शाबूत राहिली ती त्यांच्यामुळे.

घरी आल्यावर चार महिने एक तरुण फिजिओथेरपिस्ट येत असत. प्रथम बसविणे, मग उभे करणे, मग भिंतीला धरून पाऊल टाकविणे असा त्यांचा क्रम होता. पाय आला, पण हात येईना. तेव्हा त्यांनी आमच्यासमोर दोन वाट्या ठेविल्या. एकीत ज्वारी, दुसरी रिकामी. “काका, एकेक दाणा इकडून तिकडे टाका,” असे ते म्हणाले. ज्या हाताने पोत्यातील मूठभर माल काढून त्याचा ओलावा नुसत्या स्पर्शाने सांगावा, त्या हाताच्या चिमटीत एक दाणा धरेना ! पहिल्या दिवशी अर्ध्या तासात सात दाणे झाले. आम्ही वाटी ढकलून दिली. ते गृहस्थ रागावले नाहीत; सांडलेले दाणे वेचून त्यांनी वाटी पुन्हा भरली आणि दुसऱ्या दिवशी तीच समोर ठेविली.

दुसरा प्रसंग आमच्या पुतण्याच्या घरचा. त्याचे किरकोळ किराणा मालाचे दुकान होते. २०२० च्या टाळेबंदीनंतर उधारी वसूल झाली नाही, गिऱ्हाईक पांगले, आणि २०२१ च्या अखेरीस दुकान बंद करावे लागले. पुतण्या आमच्या पेढीवर आला. पण दोन मुलांचे शिक्षण आणि दुकानाचे राहिलेले देणे एका पगारात भागण्यासारखे नव्हते. त्याची पत्नी, आमच्या सूनबाई, तेव्हा चौतीस वर्षांच्या होत्या. लग्नापूर्वी विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या; पुढे दुकानाच्या वह्या त्याच लिहीत. एके सायंकाळी त्या आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “काका, मला पुन्हा शिकायचे आहे. नर्सिंग करावे की फिजिओथेरपी, याचा निर्णय होत नाही. आपण दोन्ही माणसांच्या हाताखालून गेला आहात. आपल्याला काय वाटते ?”

आम्ही क्षणभरही न थांबता म्हणालो, “फिजिओथेरपी. नर्सचे काम आपल्या घरात नको.”

“का नको, काका ?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या थोडे थांबून म्हणाल्या, “आपल्याला रात्री कुशीवर वळविणारी बाई कोणाच्या तरी घरचीच सून होती ना ?”

आम्ही मान खाली घातली. त्यानंतर मात्र या प्रश्नाकडे नीट पाहावे असे ठरविले.

दोन्हींचे मूळ

वाचले, विचारले, तेव्हा प्रथम हे ध्यानी आले की, ज्यांस आपण दोन वेगळी दुकाने समजतो ती एकाच पेढीतून निघालेली आहेत. आधुनिक परिचर्येचा पाया फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी घातला. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची व्यवस्था त्यांनी पाहिली आणि १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांसाठी शाळा सुरू झाली. पुढे १८९४ साली त्याच देशातील चार परिचारिकांनी एकत्र येऊन शिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची एक संस्था काढली. त्या काळी लंडनमध्ये अंगमर्दनाच्या नावाखाली अनैतिक धंदे चालत आणि त्यामुळे प्रामाणिक काम करणाऱ्यांचेही नाव खराब होई. तेव्हा नियम करावे, परीक्षा घ्यावी आणि उत्तीर्ण होणाऱ्यांसच मान्यता द्यावी, असे या चौघींनी ठरविले. या संस्थेस १९२० साली राजसनद मिळाली आणि तीच आजची तेथील फिजिओथेरपिस्टांची प्रमुख संस्था होय. बाजारात खोटा माल येऊ लागला म्हणजे सचोटीच्या व्यापाऱ्यांनी संघ काढावा, तसाच हा प्रकार. आपल्या संघाच्या सभासदांस तो वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आपल्या देशात भौतिकोपचाराचे पद्धतशीर शिक्षण स्वातंत्र्यानंतर सुरू झाले. पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांचा प्रश्न तेव्हा मोठा होता. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने या विषयाची शाळा निघाली, आणि १९५५ साली भारतीय फिजिओथेरपिस्टांची संघटना स्थापन झाली. पुढे पोलिओ हटला; भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. परंतु या विद्येचे काम कमी झाले नाही. आमच्यासारखे अर्धांगवायूचे रोगी, गुडघे बदललेली वृद्ध मंडळी, अपघातात हाडे मोडलेले तरुण आणि पाठीने जेरीस आलेले कष्टकरी यांनी ती जागा भरून काढली.

नर्सच्या कामाविषयी जी आढी आमच्या मनात होती तीही जुनीच निघाली. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने विधवा स्त्रियांस परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात धाडण्यास आरंभ केला, तेव्हा पांढरपेशा समाजात हे काम हलके समजले जात होते. म्हणजे घरातील कर्ती स्त्री अर्ध्या वयात नव्याने शिकून रुग्णसेवेत शिरते, ही गोष्ट महाराष्ट्रास शंभराहून अधिक वर्षांची परिचित आहे. ती आम्हांसच नवी वाटत होती.

जमाखर्च

यानंतर आम्ही व सूनबाई वही घेऊन बसलो. एका पानावर परिचर्या, दुसऱ्या पानावर भौतिकोपचार.

पहिले कलम वयाचे. सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या या पदविकेचा अभ्यासक्रम, ज्यास जी. एन. एम. म्हणतात, तो तीन वर्षांचा आहे. बारावी कोणत्याही शाखेतून झालेली असली तरी चालते. परंतु भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे प्रवेशास पस्तीस वर्षांची मर्यादा आहे. सूनबाईंच्या हाती म्हणून एकच वर्ष होते. ज्यांस पदवी हवी त्यांच्यासाठी बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे; आणि पदविका घेतलेल्यांस पुढे दोन वर्षांत पदवी करण्याची सोय आहे. फिजिओथेरपीच्या पदवीस मात्र बारावीला पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र हे विषय लागतात, आणि २०२२ साली तो अभ्यासक्रम सहा महिन्यांच्या प्रत्यक्ष कामासह साडेचार वर्षांचा होता. म्हणजे एका वाटेने सदतिसाव्या वर्षी मिळकत सुरू, दुसरीने चाळिशीच्या उंबरठ्यावर.

दुसरे कलम भांडवलाचे. शुल्क संस्थेगणिक निराळे असते, म्हणून त्याचे आकडे येथे देत नाही. पण शुल्काएवढेच महत्त्वाचे असते ते शिकण्याच्या काळात न मिळालेले उत्पन्न, आणि ते मांडण्याचे पुष्कळ लोक विसरतात. दीड वर्ष अधिक शिकावयाचे तर दीड वर्षाचा घरखर्च कोठून तरी आला पाहिजे. याउलट फिजिओथेरपीच्या पानावर जमेची एक मोठी बाब आहे. शिक्षण झाल्यावर स्वतःच्या नावाची पाटी लावून स्वतंत्र व्यवसाय करता येतो. व्यापाऱ्याच्या मनाला हे फार भावते, आम्हांसही भावले. पण नव्या पेढीची पहिली तीन वर्षे भांडवल खाण्यात जातात, हे आम्हीच सूनबाईंस सांगितले. जागेचे भाडे, उपचाराची यंत्रे, नाव होईपर्यंतचा धीर, हे सारे दुकान नुकतेच बुडालेल्या घराने कोठून आणावे ? परिचारिकेस बहुधा नोकरीच करावी लागते. पण तिला भांडवल लागत नाही.

तिसरे कलम शरीराचे. आमची समजूत होती की, परिचर्या कष्टाची आणि फिजिओथेरपी अंग राखून करण्याची. हे खरे नाही. आमचे सर्व वजन त्या तरुण गृहस्थांच्या खांद्यावर पडत असे, ते आम्ही जाणतो. दोन्ही कामांत पाठ आणि खांदे झिजतात. पूर्वी आमच्या हमालांच्या पाठीवर क्विंटलाचे पोते असे. आता बहुतेक धान्य पन्नास किलोंच्या पोत्यांत येते आणि त्यांच्या कमरेस थोडा आराम मिळाला आहे. रोगी मात्र पन्नास पन्नास किलोंच्या दोन पोत्यांत भरून येत नाही. उचलण्याची योग्य रीत दोन्ही व्यवसायांत शिकवितात, आणि ती न पाळणारा लवकर बसतो.

चौथे कलम वेळेचे. फिजिओथेरपिस्टाचे काम बहुतांशी दिवसाचे असते. परिचारिकेच्या पाळ्या अनेक ठिकाणी सकाळी आठ ते दोन, दुपारी दोन ते आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ अशा असतात. सणवार नाही, पर्युषण नाही, दिवाळी नाही. हे कलम आम्ही लाल शाईने लिहिले.

पाचवे कलम स्वभावाचे, आणि ते वहीत बसून कळत नाही. माल पाहिल्याशिवाय भाव करू नये, हा आमचा नियम. म्हणून ओळखीच्या एका डॉक्टरांच्या परवानगीने सूनबाई आठवडाभर फिजिओथेरपीच्या विभागात आणि नंतर आठवडाभर रुग्णांच्या वॉर्डात जाऊन बसल्या. परत आल्यावर त्यांनी सांगितले ते असे : “फिजिओथेरपीत एकेक माणूस हळूहळू उभा राहताना दिसतो, ते पाहून फार बरे वाटते. पण तेथे दुपारी माझे लक्ष घड्याळाकडे जाई. वॉर्डात एकाच वेळी दहा जणांकडे पाहावे लागते. कोणाचा ताप चढतो, कोणाची सलाइन संपते, कोणी घाबरते. तेथे घड्याळ पाहण्याचे मला सुचलेच नाही. दुकानात गर्दी असली म्हणजे मला असेच होत असे.”

हे ऐकल्यावर आमचे मत आम्ही मागे घेतले.

घरातील वाद

सर्वांत मोठी अडचण आमच्या वहिनींची, म्हणजे सूनबाईंच्या सासूबाईंची होती. परक्या पुरुषांची सेवा, मलमूत्र काढणे, रात्रीची पाळी, आणि सूर्यास्तानंतरच्या भोजनाचा प्रश्न. वहिनींचा स्वाध्याय आमच्याहून पुष्कळ मोठा, म्हणून आम्ही त्यांस उपदेश केला नाही. फक्त विचारले, “वहिनी, अंतरंग तपांत वैयावृत्त्य आहे ना ?” त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आहे. आणि ज्यांची सेवा करावी त्यांत ग्लान साधूही सांगितले आहेत. आजारी मुनींच्या सेवेस आपण धावतो, तेथे विटाळ धरीत नाही. इतरांच्या बाबतीत का धरावा, हे मलाही सांगता येत नाही.” त्यानंतर त्यांनी विरोध केला नाही. संमती दिली असेही नाही. प्रवेशाच्या दिवशी मात्र सूनबाईंच्या हातात डबा त्यांनीच दिला.

सूनबाईंनी २०२२ साली जी. एन. एम.ला प्रवेश घेतला आणि तीन वर्षांनी त्या उत्तीर्ण झाल्या. वाचकांस केवळ गोड बाजू सांगावी अशी आमची इच्छा नाही. पहिल्या वर्षी अठरा वर्षांच्या मुलींबरोबर बसून इंग्रजीतून शरीरशास्त्र पाठ करताना त्या अनेकदा रडल्या. थोरल्या मुलाच्या दहावीच्या वर्षात आई घरी नव्हती, याची खंत त्यांस अजून आहे. पुतण्या स्वयंपाक शिकला. आरंभी तो कोणास खाववत नसे. भोजनाचे म्हणाल तर रात्रपाळीस फारसा प्रश्न नाही. घरून सूर्यास्तापूर्वी जेवून निघता येते. अडचण दुपारच्या पाळीची. साडेपाचच्या सुमारास वॉर्डात दहा मिनिटे मिळाली तर डबा उघडतो, न मिळाली तर तो तसाच घरी येतो आणि सूनबाई सकाळपर्यंत उपाशी राहतात. त्या दिवशी वहिनी काही बोलत नाहीत. सकाळी लवकर उठून चूल पेटवितात. फिजिओथेरपी घेतली असती तर हे टळले असते, हे आम्ही प्रामाणिकपणे नमूद करतो.

आज सूनबाई नोंदणीकृत परिचारिका म्हणून एका रुग्णालयात नोकरीस आहेत. आरंभीचा पगार दुकानाच्या चांगल्या दिवसांतील मिळकतीहून कमी आहे; पण तो तारखेस येतो आणि त्यात उधारी बुडत नाही. दुकानाचे देणे फिटत आले आहे.

सभासदांस चार शब्द

यावरून परिचर्या श्रेष्ठ आणि भौतिकोपचार कनिष्ठ, असा अर्थ कोणी काढू नये. ज्यांच्याजवळ बारावीचे विज्ञानाचे विषय आहेत, ज्यांचे वय अजून तिशीच्या आत आहे, चार-पाच वर्षे घर थांबू शकते, रात्री घर सोडणे शक्य नाही, आणि एका माणसाजवळ महिनोन् महिने धीराने बसण्याची ज्यांची वृत्ती आहे, त्यांनी खुशाल फिजिओथेरपी घ्यावी. ज्यांस मिळकत लवकर हवी, वय पस्तिशीकडे झुकले आहे आणि धावपळीत ज्यांचे डोके शांत राहते, त्यांनी परिचर्येचा विचार करावा. दोन्ही क्षेत्रे पुरुषांसही खुली आहेत. प्रवेशापूर्वी संस्थेची मान्यता पाहावी. नर्सिंगसाठी भारतीय परिचर्या परिषद व राज्याची परिषद यांची. भौतिकोपचारासह अनेक आरोग्यव्यवसायांसाठी २०२१ साली, तर परिचर्येसाठी २०२३ साली संसदेने नवे कायदे केले आहेत. त्यामुळे नियम बदलत आहेत, तेव्हा मागल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नये. आपल्या सीमाभागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कर्नाटकात नोंदणी झालेल्या परिचारिकेस कोल्हापुरात वा सांगलीत नोकरी करावयाची असेल तर महाराष्ट्राच्या परिषदेकडेही नोंदणी करावी लागते. ते काम आधीच हाती घ्यावे. आणि सर्वांत आधी आठ-आठ दिवस दोन्ही ठिकाणी जाऊन बसावे.

शेवटी एक कबुली व एक विनंती. सूनबाईंनी प्रवेशाच्या वेळी आपल्या संघाच्या शिक्षणनिधीकडे अर्ज केला होता. तो नामंजूर झाला; कारण अर्जदाराचे वय पंचवीस वर्षांच्या आत असावे, असा नियम आहे. तो नियम करणाऱ्या समितीत आम्ही होतो आणि त्याखाली आमची सही आहे. त्या वेळी आमच्या डोळ्यांसमोर केवळ शाळा-कॉलेजातील मुले होती. दुकान बुडालेल्या घरातील चौतीस वर्षांची सून आमच्या ध्यानातच आली नाही. किरकोळ व्यापाराची आजची स्थिती पाहता अशी घरे आपल्यांत आणखी आहेत, हे सभासद जाणतात. कोणी संकोचाने बोलत नाही, एवढेच. तेव्हा येत्या वार्षिक सभेत ही वयाची अट काढून टाकण्याचा, निदान परतफेडीच्या कर्जापुरती तरी ती शिथिल करण्याचा ठराव आम्ही स्वतः मांडणार आहो. सभासद बंधू-भगिनींनी त्यास अनुमोदन द्यावे.

हा लेख आम्ही उजव्या हाताने लिहिला आहे. अक्षर पूर्वीसारखे राहिलेले नाही. संपादक मंडळाने व मुद्रकांनी ते सांभाळून घ्यावे.